डबा गरम पोचेल इतकं अंतर

"एक तास!" नामदेवराव हंबर्ड्यांनी मोबाइल बायकोच्या नाकासमोर धरला. "बघ, लिहिलंय इथं. हैदराबाद ते कोल्हापूर, विमानानं एक तास. वर थोडी मिनिटं असतील, ती चहा प्यायला धर."

जयवंताबाई कणीक मळत होत्या. त्यांनी मोबाइलकडे ढुंकूनही बघितलं नाही.

"मोबाइलला काय जातंय लिहायला? डबा गरम पोचतो का, तेवढं सांगा."

हा डब्याचा प्रश्न हंबर्ड्यांच्या हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या घरात गेला महिनाभर रोज निघत होता. जयवंताबाईंच्या माहेरचा नियमच तसा. आईच्या हातचा डबा गरम पोचेल इतक्याच अंतरावर लेक द्यायची; पत्रिका, पगार, घराणं हे सगळं त्यानंतर. याच नियमानं त्यांना जामबागेतून काचीगुड्यात दिलं होतं. लेक तेजश्रीच्या वेळी दिवस गेले असताना त्यांच्या पोटात पाणी ठरत नव्हतं, तेव्हा त्यांचे वडील सायकलच्या हॅण्डलला डबा लटकवून रोज यायचे, आणि झाकण उघडलं की वाफ यायची. त्या वाफेवर आपण जगलो, असं जयवंताबाई आजही सांगतात. त्यामुळे या नियमाला हसायची घरात कुणाची टाप नव्हती.

आता पंचाईत अशी की एकुलती एक तेजश्री ज्याच्या प्रेमात पडली, तो ओमकार कोल्हापूरचा. गच्चीबावलीच्या एका कंपनीत दोघं शेजारी शेजारी बसायची. मग वडिलांचं वर्कशॉप सांभाळायला तो गावी परत गेला. मुलगा निर्व्यसनी, कामाचा, बोलायला गोड. जयवंताबाईंना त्यात एकही खोट सापडली नाही, आणि याचाच त्यांना राग आला होता. सगळं चांगलं, पण कोल्हापूर! पोरीला ताप आला तर तिच्या उशाशी पोचायचं कसं?

तेजश्रीनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, "आई नाही म्हणाली, तर मी नाही करणार." आणि जेवणाचं ताट घासायला घेऊन गेली. ते वाक्य ऐकल्यापासून नामदेवरावांना घास गोड लागेना. राणीगंजला त्यांचं मोटरपंपाचं दुकान. कुठली मोटर किती उंच पाणी चढवेल हे गिऱ्हाइकाला पटवण्यात त्यांचा जन्म गेला होता. कोल्हापूरला डबा पोचवण्याइतकी ताकद फक्त विमानात आहे, हे त्यांनी हेरलं आणि बायकोला पटवायला घेतलं.

शेवटी जयवंताबाईंनी अट घातली. "ठीक आहे. त्यांचं घर बघायला जायचंच आहे ना? विमानानं जाऊ. सकाळी चकोल्या करते, डबा संगं घेऊ. त्यांच्या घरी झाकण उघडल्यावर वाफ आली, तर पोरगी दिली. नाही आली, तर तुम्ही परत कोल्हापूरचं नाव काढायचं नाही."

"चकोल्याच काहून? लाडू ने की!"

"लाडू कधी गरम खाल्लेत तुम्ही?"

चकोल्या म्हणजे तुरीच्या वरणात शिजवलेले कणकेचे काप. पुण्या-मुंबईकडे यालाच वरणफळं म्हणतात. गरम असतील आणि वर तूप असेल तर दुसरं काही नको; पण गार झाल्या की पोस्टर चिकटवायची खळ. बाईंनी पेपर अवघड काढला होता.

ठरल्या दिवशी भल्या सकाळी चकोल्या शिजल्या. एकाच पातेल्यातून दोन डबे भरले गेले. एक कोल्हापूरचा, एक तेजश्रीच्या ऑफिसचा. तेजश्रीचा डबा नेहमीच्या पिशवीत गेला. कोल्हापूरच्या डब्याला आधी वर्तमानपत्र, मग टॉवेल, मग शाल आणि सगळ्यांवर तेजश्रीच्या लहानपणची गोधडी असा थाट झाला.

"त्या मशीनमध्ये फिरवू नको हं डबा," जयवंताबाई लेकीला सवयीनं म्हणाल्या. मायक्रोवेव्हमध्ये अन्नाचा जीव जातो, असं त्यांचं पक्कं मत होतं.

"नाही गं आई. शपथ घातलीयेस ना तू."

"गरम असतो ना दुपारपर्यंत?"

"एकदम गरम. रोजच्या रोज विचारतेस तू! निघा आता, फ्लाइट जाईल." मग तिनं वडिलांच्या कानाला लागून हळूच म्हटलं, "बाबा, डबा घट्ट धरा, प्लीज."

टॅक्सीत बसल्यावर नामदेवरावांनी तो मांडीवर घेतला. टॅक्सी चादरघाटाच्या पुलावर अडकली आणि मग अडकूनच राहिली. नामदेवराव गाठोड्याला छातीशी धरून बसले. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं आणि गाण्याचा आवाज एकदम बारीक केला.

"टेन्शन नक्को लो चाचा. बच्चा सोरा क्या? आराम से लेके जाता मैं."

"हौ, आराम से," नामदेवराव म्हणाले. कोण खुलासा करत बसणार?

पण हाच आळस पुढे अंगाशी आला. विमानतळावर तपासणीची रांग मारुतीच्या शेपटासारखी वळत गेलेली. पुढच्या एका बाईंनी गोधडी बघितली, नामदेवरावांचे पिकलेले केस बघितले आणि त्यांना गहिवर आला. "अरे, छोटा बाबू है! नाना-नानी को आगे जाने दो!" झालं. रांगेनं आपणहून वाट दिली. कुणी "कितने महीने का?" विचारलं, कुणी "सोने दो, सोने दो" म्हणालं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर गोधडीवर लांबूनच हात फिरवून दुवा दिली.

"अहो, सांगा की त्यांना," जयवंताबाई पदराआडून कुजबुजल्या.

"थांब ना! तेवढाच डबा गरम राहायलाय."

अशी वरात थेट मशीनपर्यंत पोचली. जवानानं सामान पट्ट्यावर ठेवायला सांगितलं. नामदेवरावांनी आधी पाकीट ठेवलं, मग कमरेचा पट्टा ठेवला, आणि मग ते गाठोडं मोठ्या मायेनं आडवं करून मशीनच्या तोंडात सरकवून दिलं.

मागच्या बाईंनी फोडलेली किंकाळी अख्ख्या विमानतळानं ऐकली.

"बच्चे को मशीन में डाल दिया! अरे रोको!"

चार जवान धावले. पट्टा थांबला. गाठोडं बाहेर ओढलं गेलं. गोधडी सुटली, शाल सुटली, टॉवेल सुटला, वर्तमानपत्र सुटलं, आणि आतून निघाला पितळी कडीचा स्टीलचा डबा. दुवा देणाऱ्या गृहस्थांनी आपला हात झब्ब्याला पुसून घेतला.

"ये क्या है?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"चकोल्या," नामदेवराव म्हणाले.

"लिक्विड है क्या? लिक्विड अलाउड नहीं है."

नामदेवरावांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "लिक्विड कायका साब! एकदम सॉलिड माल है."

"सॉलिड?" जयवंताबाईंच्या स्वयंपाकाला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. आपण कुठं उभ्या आहोत हे त्या साफ विसरल्या. "सॉलिड कायको बोलते जी? पतली है साब, एकदम पतली! सुबह पळी से कैसी सरसर गिरती थी!"

"जयवंता, गप बस!"

"काहून गप बसू? चारचौघांत माझ्या चकोल्यांना दगड म्हणायलाव तुम्ही!"

नवरा सॉलिड म्हणतोय आणि बायको पतली म्हणतेय, असा खटला त्या अधिकाऱ्यापुढं बहुधा पहिल्यांदाच आला असावा. त्यानं झाकण उघडलं आणि डबा तिरका केला. चकोल्या जागच्या हलल्या नाहीत. त्यानं डबा आणखी तिरका केला. त्या तरीही हलल्या नाहीत.

"सॉलिड," त्यानं निकाल दिला. "जाओ."

नामदेवरावांनी त्याला हात जोडले. जयवंताबाईंचा चेहरा पडला होता. "घट्ट नाहीत हो त्या," त्या डबा परत गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "गार व्हायलेत म्हणून तशा दिसायलेत."

बोलून गेल्या, आणि मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. झाकण उघडलं होतं. वाफ कुणीच बघितली नव्हती.

आत जाऊन बसतात तोवर विमानाला उशीर असल्याचं कळलं. किती, ते कुणी सांगेना. नामदेवराव दर थोड्या वेळानं काउंटरवर जायचे आणि "बस, थोडी देर" ऐकून परत यायचे. गाठोडं त्यांनी शेवटी शर्टच्या आत घालायचा प्रयत्न केला, पण पोट आधीच तिथं होतं. सकाळ सरली. समोरच्या दुकानात लोक जेवायला बसले.

"बघू तो डबा," जयवंताबाई म्हणाल्या. त्यांनी एक बोट आत घातलं. "गारढोण."

विमान अजून हैदराबादच्याच जमिनीवर होतं आणि परीक्षेचा निकाल लागला होता. जयवंताबाई जिंकल्या होत्या. पण जिंकल्याचा आनंद काही त्यांना होईना. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढं यायला लागला, तेव्हा त्यांनी तिलाच फोन लावला.

"जेवलीस का गं?"

"जेवतेच आहे आई. तुम्ही अजून एअरपोर्टवरच?"

"हौ. चकोल्या कशायत?"

"मस्त!"

"गरम आहेत?"

"एकदम गरम," तेजश्री म्हणाली. "तोंड पोळलं माझं."

जयवंताबाईंनी फोन ठेवला आणि समोरच्या डब्याकडे बघितलं.

"अहो, एकाच पातेल्यातल्या ना दोन्हीकडच्या?"

"हौ की."

"याला गोधडी, शाल, सगळं केलं. तिच्या डब्याला नुसती पिशवी. मग या गार, अन् तिच्या गरम कशा?"

"त्या मशीनमध्ये..." नामदेवराव पुटपुटले.

"शपथ घातलीय मी. माझी पोरगी शपथ मोडत नाही." त्यांनी नवऱ्याकडे वळून बघितलं. नामदेवराव बुटाची नाडी बांधत होते, आणि त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. "तुम्हाला ठाऊक होतं!"

नामदेवराव सरळ झाले. "मागं एकदा तिच्या ऑफिसला गेलो होतो बघ. सगळी पोरं त्या मशीनसमोर उभी होती, अन् ही एकटी कोपऱ्यात गार डबा खात बसली होती. मी रागावलो. तर म्हणली, बाबा, आईनं शपथ घातलीय. अन् गार असतो म्हणून सांगितलं, तर आई अंथरुणातनं आणखी लवकर उठून करत बसंल. तिला सांगू नका."

"इतकी वर्षं?"

"काचीगुड्याहून गच्चीबावली म्हणजे काय जवळ आहे का गं? बस, मेट्रो, परत ऑटो. विमान वेळेवर सुटलं ना, तर तेवढ्यात माणूस कोल्हापुरात उतरतंय."

जयवंताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना रडू आलं ते पोरगी खोटं बोलली म्हणून नाही. रोज संध्याकाळी दार उघडल्याबरोबर आपण तिला तोच प्रश्न विचारत होतो, आणि दमून आलेली ती पोर चप्पल काढायच्या आधी हसून तेच उत्तर देत होती. हैदराबादेत राहूनसुद्धा आपला डबा तिच्यापर्यंत कधी पोचलाच नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

एकदाचं विमान सुटलं. जयवंताबाईंनी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली, आणि त्यांचा जप निम्म्यावर आला असेल नसेल, तोच विमान उतरायला लागलं.

"बघ!" नामदेवराव इतक्या सगळ्यातूनही हरखले. "बोललो होतो ना? एक तास!"

"हौ. अन् घरातून कधी निघालो होतो?"

नामदेवराव खिडकीतून बाहेर बघायला लागले.

ओमकार गाडी घेऊन आला होता. त्यानं वाकून दोघांना नमस्कार केला आणि सामान उचलता उचलता नामदेवरावांना बाजूला घेतलं. "काका, तेजूनं सांगितलंय मला सगळं. घरी गेल्या गेल्या डबा गुपचूप गॅसवर ठेवू का?"

"ठेवला असता रे," नामदेवराव हताशपणे म्हणाले, "पण तो बघ कुणाच्या काखेत आहे." डबा आता जयवंताबाईंनी घेतला होता आणि त्या तो सोडणार नव्हत्या. "तुझ्या आईला ठाऊक आहे हे परीक्षेचं?"

"नाही. आईला काहीच सांगितलं नाही. उगीच घाबरंल ती."

ओमकारची आई इंदुताई दारातच उभ्या होत्या. "या, या! किती उशीर झाला वो. दमलासा की! जेवण करून ठेवलंय मी, कवाधरनं वाट बघतोय." त्यांचे यजमान मुकुंदराव मागून नुसते हसत होते. बोलण्याचं खातं घरात कुणाकडे आहे, ते लगेच कळलं.

हातपाय धुऊन मंडळी पानावर बसली. पानात तांबडा रस्सा होता, पांढरा होता, भाकरी होती. जयवंताबाईंनी सगळ्यांच्या देखत गाठोडं पुढं घेतलं. ओमकारनं पाण्याचा तांब्या उगीचच इकडचा तिकडे ठेवला. गोधडी सुटली, शाल सुटली, टॉवेल सुटला, वर्तमानपत्र सुटलं. झाकण उघडलं. वाफ नव्हती.

जयवंताबाईंनी चमचा घातला, तर चकोल्यांचा एक चौकोनी तुकडाच वर आला. तो त्यांनी इंदुताईंच्या पानात ठेवला, एक मुकुंदरावांच्या पानात ठेवला. वर तूप घातलं. तूप तसंच वर बसून राहिलं.

"आमच्याकडच्या चकोल्या," त्या म्हणाल्या. "सकाळी केलेल्या. गार झाल्या असतील."

इंदुताईंनी घास घेतला आणि मान हलवली. "छे वो! गार कुठं? ऊन हाईत की चांगल्या."

"गार आहेत, ताई," जयवंताबाई त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाल्या. "खरं सांगा. मला राग नाही येणार."

"आता काय सांगू तुमास्नी! विमानातनं आणून बी ऊन ऱ्हाईल्यात, मला तर नवलच वाटाय लागलंय. आनि किती हलक्या झाल्यात! घाला आणखी."

"पण आई, त्या..." ओमकारनं तोंड उघडलं, आणि आईच्या एका नजरेनं ते मिटलं. मग इंदुताईंनी तीच नजर नवऱ्याकडे वळवली. मुकुंदरावांनी घास उचलला होता. त्यांनी तो तोंडापाशी नेला, थांबले, आणि बर्फासारख्या गार चकोलीवर जपून, दोन वेळा फुंकर मारली.

"लई ऊन हाय," ते म्हणाले.

नामदेवरावांना ठसका लागला. ते पाणी प्यायले, आणि मग भीत भीत त्यांनी बायकोकडे बघितलं. जयवंताबाई हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी इंदुताईंच्या पानात आणखी एक चौकोन ठेवला. इंदुताईंनी तोही पुसून खाल्ला.

जेवणं झाल्यावर इंदुताई तो डबा उचलून आत घेऊन गेल्या. रिकामा कसा द्यायचा? तेजश्रीला पांढरा रस्सा भरून देते म्हणाल्या. नामदेवराव त्यांच्या मागं मागं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. "ताई, तो जरा घट्ट करता येईल का हो? विमानतळावर लई विचारपूस करायलेत." इंदुताईंना काही कळेना. मुकुंदराव मात्र पहिल्यांदाच मोठ्यानं हसले.

जयवंताबाई तोवर अंगणात आल्या होत्या. त्यांनी लेकीला फोन लावला. अर्ध्या रिंगमध्येच तेजश्रीनं उचलला. तिचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"तेजू, डबा उघडला बरं का."

"हं."

"इंदुताई म्हणल्या, एकदम गरम आहेत."

"खरंच?" तेजश्रीचा आवाज चढला. "खरंच गरम होत्या, आई?"

"हौ. तुझ्या डब्यातल्या असतात ना रोज," जयवंताबाई म्हणाल्या, "तेवढ्याच गरम."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई... सॉरी गं."

"गप. रडू नको ऑफिसात. अन् उद्यापासून डबा त्या मशीनमध्ये फिरवून खात जा. शपथ सोडवली मी."

"आणि कोल्हापूर?" तेजश्रीनं अगदी बारीक आवाजात विचारलं.

जयवंताबाईंनी वळून घरात बघितलं. इंदुताई डब्याला वर्तमानपत्र गुंडाळत होत्या, मग टॉवेल, मग शाल, आणि गोधडीची घडी कशी होती ते नामदेवरावांना विचारून विचारून तशीच घालत होत्या.

"त्याचं काय एवढं?" जयवंताबाई म्हणाल्या. "एक तासाचं तर आहे."